हवा भरायची कशानं?

उन्हाळ्यात लातूर-औसा रस्त्यावर सायकल पंक्चर झाली की मदत यायच्या आधी सल्ला येतो. "काय करायलाव मालक? पंचर का?" असं म्हणत मोटारसायकल थांबते, तिघंजण उतरतात आणि तिघांची तीन मतं. ट्यूब बदलावी यावर कुणाचं दुमत नसतं. सगळा वाद हवेवर.

खरं तर वाद घालण्याआधी वॉल, म्हणजे ट्यूबचं हवा भरायचं तोंड, बघावा. जुन्या काळ्या सायकलीचा वॉल म्हणजे आत पिन आणि तिच्यावर चढवलेली वीतभर नव्हे, बोटभरही नव्हे अशी रबरी वॉलट्यूब. उन्हात ती पिनेला चिकटते, फाटते, आणि आपण मात्र ट्यूबला शिव्या घालत बसतो. दोन तुकडे खिशात ठेवावेत. चढवताना थुंकी लावली की सरकन बसते. गिअरच्या जाड टायरवाल्या सायकलीला बहुधा मोटारसायकलीचाच वॉल असतो, तिचं कुठंही भागतं. रेसरचा, म्हणजे बारीक टायरच्या शर्यती सायकलीचा, वॉल मात्र पातळ आणि मानी. डोक्यावरचा बारीक नट सैल करून टोक एकदा दाबायचं, मगच पंप लावायचा. तसं न करता जोर लावला की पंप हलतो, पिन वाकते आणि हवा ट्यूब सोडून सगळीकडे जाते. या वॉलसाठी पितळी अडॅप्टर मिळतो. तो पिशवीत नसेल तर वाटेतला एकही कंप्रेसर तुमच्या कामाचा नाही.

आता काटा. बाभळीचा किंवा सराट्याचा असणार, दुसरं आहे काय आपल्याकडे! त्याचं मोडलेलं टोक टायरच्या आतच राहतं, म्हणून आतून फडकं फिरवावं. फडकं अडकलं तिथं काटा. बोट फिरवलं तरी काटा सापडतो, पण तो बोटात. नव्या ट्यूबमध्ये आधी दोन-तीन पंप मारून तिला गोल आकार द्यायचा, टायर बसवायचा, आणि दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कडेखाली चिमटलेली नाही ना, हे सगळीकडून बघायचं. हे टाळणारा माणूस ऐंशी पॉइंटला (हवेच्या दाबाचा आकडा, पीएसआय) फटाका ऐकतो.

पिशवीतला छोटा पंप सगळ्यात भरवशाचा आणि सगळ्यात छळवादी. रेसरच्या २५ मिलिमीटर टायरला दोन-तीनशे वेळा दांडा मारावा लागतो. साठ पॉइंटपर्यंत गप्पा मारत हवा भरता येते. त्यापुढं पंप आटलेल्या हापशासारखा वागतो, अंग घामानं निथळतं आणि आत फारसं काही जात नाही. दांडा जिच्यात सरकतो ती नळी बारीक असेल तर दर दांड्याला हवा थोडी जाते, पण दाब चढतो. जाड नळी भराभर भरते आणि चाळीस-पन्नासनंतर हात टेकते. जाड टायरला जाड नळी, रेसरला बारीक. माझा आग्रह एकच: पंपाला लवचीक रबरी पाइप हवा. मग जोर वॉलवर येत नाही. आणि नळीच्या टोकाला हात लावू नका, दाबलेल्या हवेनं ते चांगलंच तापतं.

दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइड गॅसच्या कांड्या हा शहरी थाट. १६ ग्रॅमची कांडी फिरवली की रेसरचा टायर काही सेकंदांत टणक. बघणारे तिघंही गप्प होतात, तेवढ्यासाठी तरी पैसे वसूल! जाड २६ इंची टायरला मात्र तीच कांडी तीस-पस्तीस पॉइंटवर संपते. भर उन्हात कांडीवर बर्फ धरतो, उघड्या हातानं धरली तर कातडी चिकटते. आणि काटा आतच राहिला असेल तर गॅस फुस्स, कांडी भंगारात, तुम्ही रस्त्यावर.

पेट्रोल पंपावर 'मोफत हवा'ची पाटी असते. कंप्रेसर चालू असणं हा वेगळा योग. तिथलं मशीन कारच्या टायरला सरावलेलं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती! आकडा दिसेपर्यंत ती भरून वर उरलेली असते. त्यापेक्षा पंक्चरचं दुकान बरं. पण तिथल्या पोराला सांगावं लागतं, "थोडी थोडी मार रे, थांबून थांबून." टाकीत शंभराच्या वर दाब असतो आणि पोराचं लक्ष मोबाइलमध्ये.

चार्जिंगचा पंप चांगला, चार्ज केलेला असेल तर.

छोट्या पंपानं साठवर थांबला असाल तर घरी जाता येतं, फक्त खड्ड्याच्या काठावर सीटवरून उठा. नाहीतर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. कांडी वापरली असेल तर घरी गेल्यावर तो गॅस सोडून द्या आणि मोठ्या पंपानं साधी हवा भरा. कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा फार लवकर झिरपतो. सकाळी टायर मऊ लागला की लोक उगाच नव्या ट्यूबवर पंक्चर शोधत बसतात.