हरकती घेणाऱ्यांनी सांगली अडवली म्हणे

आपल्याकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘विकास आराखडा हे तज्ज्ञांचं काम. लोकांना नकाशातलं ओ की ठो कळत नाही, उगाच हरकती घेऊन आराखडा वर्षानुवर्षं लटकवतात, आणि शेवटी व्हायचं तेच होतं.’ मला तो चौघांनी पाठवला, त्यातले दोघं घरचेच. म्हणून हे उत्तर.

विकास आराखडा म्हणजे शहरात कुठं घरं, कुठं रस्ते, कुठं बागा हे ठरवणारा नकाशा. आधी ‘लटकवतात’चं बघू. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप, म्हणजे कच्च्या आराखड्यावर हरकती-सूचना द्यायला मुदत आहे ३० दिवस. मग नियोजन समितीपुढं सुनावणी. वर्षं जातात ती सर्वेक्षणात आणि मंजुरीच्या फायलीत. बागेसाठी, मैदानासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण हातचं जातं तेही हरकतीनं नाही, कलम १२७ नं. १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण संपलं. तिजोरी रिकामी म्हणून गेलेल्या मैदानाचं बिल हरकतदाराच्या नावावर का फाडायचं?

‘लोकांना कळत नाही’ हे निदान सांगलीत तरी कुणी बोलू नये. कागदावर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. इथं २००५, २०१९, २०२१, म्हणजे सोळा वर्षांत तीन महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या शेजारच्या काकूंच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, खिडकीच्या चौकटीच्या वर वीतभर. रंग दिला तरी ओलीनं परत उमटते. पाणी आधी नदीकडून येत नाही, मागच्या ओढ्यातनं उलटं चढतं, हे त्यांना पाठ आहे. नकाशावर तो ओढाच नव्हता. त्या जागी पिवळा रंग, म्हणजे रहिवासी.

काकूंची हरकत मीच लिहून दिली: सर्व्हे नंबर, ओढा कुठून कुठं जातो, सोबत पुरातले फोटो. सुनावणीत जेमतेम तीन मिनिटं मिळाली. एका साहेबांनी विचारलं, ‘जागा तुमची आहे का?’

काकू म्हणाल्या, ‘जागा नाही ओ माझी. पाणी माझ्या घरात येतंय.’

आता ‘व्हायचं तेच होतं’. बऱ्याच हरकती फेटाळल्या जातात, खोटं कशाला बोलू. (पण जिथं व्हायचं तेच होतं, तिथं लोकांनी लटकवलं काय? मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवावं.) आणि गुंठेवारीचं, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांचं काय? ज्यांना परवडेल अशी जागा आराखड्यात नव्हती, ते गुंठा-गुंठा घेऊन राहायला गेले. शेवटी २००१ मध्ये कायदा करून सरकारला त्या वसाहती नियमित करण्याची वाट काढावी लागली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींनाही ती वाट मोकळी केली. तज्ज्ञांचा नकाशा तिथं माणसांच्या मागनं गेला.

काकूंच्या हरकतीचं म्हणाल तर ओढा नकाशावर आला. रुंदी मात्र निम्मीच दाखवलीय. उरलेल्या निम्म्यासाठी परत अर्ज केलाय. आवक शिक्क्याची पोहोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी माळ्यावर ठेवलीय, रेघेच्या वर.