भाड्याच्या घरातून भरघोस परतावा: एका भाडेकरूचा मोफत सल्ला

गुंतवणूक म्हणून भाड्याने द्यायला घर घेताय? मग चार गोष्टी माझ्याकडून ऐकून घ्या. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे चोरी झाली, त्यामुळे या विषयातला मी सध्या अगदी ताजा तज्ज्ञ आहे.

घर बघायला जायचं ते रविवारी सकाळी अकराला. लख्ख ऊन असतं, पोरं खेळत असतात, एजंट गोड बोलत असतो. रात्री साडेदहाला चुकूनही फिरकू नका. जिन्यातला दिवा किती दिवसांपासून बंद आहे, कोपऱ्यावर कोण उभं असतं, नसती माहिती डोक्यात शिरते.

घर स्वस्तात आणि भाडं बरं, म्हणजे कागदावर परतावा झकास. वर्षाचं भाडं भागिले किंमत, संपला हिशोब. भाडेकरू घाबरून आठ महिन्यांत सोडून जातो, मग दोन महिने घर रिकामं, पुन्हा रंग, पुन्हा दलाली, वर विम्याचा वाढलेला हप्ता, हे सगळं त्या गणितात कशाला घुसवायचं? दहा टक्क्यांचे सहा होतात आणि उगाच झोप उडते.

विम्याची कागदपत्रं तर वाचूच नका. घर सलग तीस किंवा साठ दिवस रिकामं राहिलं की चोरी आणि तोडफोडीची भरपाई बऱ्याच पॉलिसींमध्ये मिळत नाही. तांब्याच्या वायरी आणि नळ नेमके रिकाम्या घरातूनच जातात. चोरांनी पॉलिसी वाचलेली असावी.

सीसीटीव्ही जरूर लावा. चालू करायची गरज नाही.

आता कुलूप. अख्खी इमारत आमच्या मालकांचीच. खालच्या मुख्य दाराचा लॅच तुटला तेव्हा मी त्यांना मेसेज केला. उत्तर आलं, ‘बघतो.’ दुसऱ्या मेसेजला अंगठा. तिसऱ्याला नुसत्या निळ्या खुणा. शेवटी वरच्या काकांनी वर्तमानपत्राची घडी करून दाराच्या फटीत कोंबली. सात महिने आठ कुटुंबं त्या रद्दीच्या भरवशावर झोपली! चोराने ती घडी काढून पायरीवर नीट ठेवली होती, एवढा सभ्य माणूस. माझ्या दाराला मात्र त्याला एक लाथ घालावी लागली. लॅचचा पत्रा इंचभराच्या दोन स्क्रूंवर उभा होता, चौकट तिथेच उभी चिरली. मालक आले, चष्मा वर करून वाकून त्या चिरेत बघितलं आणि म्हणाले, “एरियाच खराब झालाय हो.”

एरिया! गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेले कॉल पत्त्यानुसार मोजले होते. 1989 साली निष्कर्ष छापून आला: निम्मे कॉल जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून आलेले. म्हणजे बदनाम वस्तीतही बहुतेक दारं शांत असतात, आणि काही पत्ते मात्र पुन्हा पुन्हा तेच. शिवाय एकदा फोडलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत परत फोडलं जाण्याची शक्यता वाढते, कारण वाट पाठ झालेली असते. तेव्हा दुरुस्तीची घाई नको, चोराची गैरसोय होईल.

कोर्टाचीही भीती बाळगू नका. 1970 साली वॉशिंग्टनच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं होतं, की इमारतीच्या सामाईक जागेत गुन्हे होताहेत हे ठाऊक असेल तर वाजवी खबरदारी घेणं मालकाचं कर्तव्य आहे. ‘बघतो’ म्हणजे ठाऊक होतं याचा लेखी पुरावाच की! पुढच्या वेळी अंगठासुद्धा देऊ नका.

जाऊ दे. आज सकाळी भाडेवाढीचा मेसेज आला, कारण ‘सुरक्षेचा खर्च’, आणि आता मला विनोद सुचत नाहीये. कसला खर्च केलात हो, मालक? खाली अजून तीच रद्दी आहे, फक्त तारीख नवी. दोन कुटुंबं गेली, महिनाअखेरीस मीही जातोय. मग तीन घरं रिकामी, जिना आणखी अंधारा, आणि तुम्ही ‘चांगले भाडेकरू मिळत नाहीत’ म्हणून रडायला मोकळे. जरा तरी लाज वाटू द्या. एक लॅच, चार लांब स्क्रू, एक बल्ब, एवढंच मागतोय सात महिने. आज माणूस पाठवा. त्याला बेल वाजवावी लागणार नाही, खालचं दार उघडंच असतं.