अन्न उरलं म्हणून १०९८ फिरवू नका

लग्नसराई आली की हा मेसेज हमखास येतो: "कार्यक्रमात अन्न उरलं तर १०९८ वर फोन करा. चाइल्ड हेल्पलाइनची माणसं येऊन घेऊन जातील, भुकेल्या मुलांच्या पोटात जाईल. सगळ्या ग्रुपवर पाठवा." काही वेळा त्यात पंतप्रधानांचं नावही घुसडलेलं असतं.

"१०९८ वर फोन करा." कृपा करून नको. १९९६ साली मुंबईत चाइल्डलाइन नावाने सुरू झालेली ही सेवा संकटातल्या मुलांसाठी आहे. हरवलेलं, मार खाणारं, कामाला जुंपलेलं पोर, नाहीतर उद्या जिचं लग्न लावून देणार आहेत अशी मुलगी तो नंबर लावते. आपण अन्न गोळा करत नाही, असं चाइल्डलाइनने जाहीरपणे सांगून झालंय. तरी लोक तिथे पुलाव किती उरला ते सांगत बसतात.

"येऊन घेऊन जातील." हे काम करणारे लोक वेगळे आहेत. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी आहे, मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांची रोटी बँक आहे. पण ही मंडळी गावोगाव नाहीत, आणि वाटीभर उसळीसाठी रात्री गाडी काढणं कुणालाच परवडत नाही. तेवढं फ्रीजमध्ये ठेवा आणि उद्या स्वतः खा.

"अन्न उरलं तर..." खरी गोची इथेच आहे. आपल्याला आठवण होते ती पंगती उठल्यावर, हॉलवाला दिवे मालवायला लागला की. तोवर सकाळी अकराला शिजलेला मसालेभात कोमट होऊन बसलेला असतो. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. भातातल्या एका जंतूचं विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून बुफेच्या ट्रेमधलं, दहा जणांचे डाव फिरलेलं अन्न देऊच नये. मठ्ठा आणि ओल्या नारळाची चटणीही नाही. द्यायचं ते आत झाकून गरम ठेवलेलं, हात न लागलेलं पातेलं. ते वेगळं ठेवायला आचाऱ्याला आधीच सांगावं लागतं आणि संस्थेलाही आदल्या दिवशी कळवावं लागतं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत. वाटणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते, अन्न कुठून आलं ते लिहून ठेवावं लागतं. हा कुणाला नुसता कागदी उपद्व्याप वाटेल, मला नाही वाटत.

"भुकेल्या मुलांच्या पोटात..." मुलांच्याच कशाला? परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बघा. केमो चालू असलेल्या माणसाला आंबलेला भात दिला तर त्याला पुण्य म्हणायचं का?

"सगळ्या ग्रुपवर पाठवा." पाठवायचंच असेल तर आपल्या शहरातल्या संस्थेचा नंबर पाठवा. त्याआधी एकदा दिवसाउजेडी स्वतः लावून बघा, कुणी उचलतं का. किमान किती माणसांचं अन्न लागतं आणि रात्री किती वाजेपर्यंत नेतात, तेही त्याच फोनवर विचारून मेसेजमध्ये लिहा.