आमची माटोळी पुसली

आज सोमवार. वर्ग उघडला तर फळा लख्ख. तिसरीच्या पोरांनी चार दिवस खपून रंगीत खडूंनी चवथीची माटोळी काढली होती, गणपतीच्या वर टांगतात ती फळा-रानफळांची, प्रत्येक फळाखाली नाव, तीही घरी आजीला विचारून विचारून आणलेली, कांगलां, माट्टुळां, सुपारीचा कातरा. वर मी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पुसू नका. तेही पुसलं! एक मुलगी दारातच थांबली, "टीचर, माटोळी खंय गेली?" काय सांगू तिला?

रविवारी आमचा वर्ग एका क्लासला देतात. द्या, सरकारी शाळा गावाचीच आहे, माझी ना नाही. पण अर्धा फळा मोकळा ठेवला होता ना तुमच्यासाठी?

माझे बाबा मास्तर. १९६१ ला गोवा मुक्त झाला, मग भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावागावांत मराठी शाळा निघाल्या, पण इमारती कुठे होत्या, कुठे देवळात तर कुठे कोणाच्या सोप्यावर वर्ग भरायचे. बाबांची शाळा पेडण्यात एका देवळाच्या सभामंडपात, मी पहिली-दुसरी तिथेच तरटावर बसून शिकले. एकदा सकाळी गेलो तर मंडपभर रांगोळी. आदल्या रात्री पालखी झालेली, म्हणजे खरं तर रांगोळीचं काम संपलेलं. तरी बाबांनी आम्हाला पायरीवरच अडवलं. दिवसभर बाहेर तुळशीपाशी बसलो, ऊन सरकेल तसे आम्ही सरकायचो. संध्याकाळी रांगोळी काढणाऱ्या बायका आल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने ती झाडली, आणि दुसऱ्या दिवशी शाळा परत आत.

आणि इथे बाकं गोल लावून तशीच टाकलेली, खडूंचा डबा रिकामा, पंखा रात्रभर चालू. पहिला तास बाकं ओढण्यात गेला माझा. बाबा खडू घरून न्यायचे, बिस्किटांच्या डब्यातून, आणि भजनी मंडळाच्या पेटीला कोणी बोट लावलं तर त्या पोराला मंडळाच्या बुवांकडे स्वतः जाऊन सांगायला लावायचे.

जाताना फळा पुसून जावं हे बरोबर, मान्य. पण आपण लिहिलेलं! दुसऱ्याचं पुसायला विचारावं लागतं, एवढं साधं शिकवणाऱ्याला कळू नये?

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ती क्लासवाली मुलगी तशी लहान आहे, पंचविशीचीसुद्धा नसेल, तिला कोणी हे सांगितलंच नसणार, आमच्या शाळेने किल्ली दिली आणि झालं. मी स्वतः तरी कुठे एकदा थांबून भेटले तिला? बाबा त्या बायकांना नावानिशी ओळखायचे. येत्या रविवारी मी जाणार आहे, भांडायला नाही, खडू घेऊन.

दुपारी पोरांनी माटोळी परत काढायला घेतली. एका रानफळाचं नाव कोणालाच आठवेना, मलाही नाही. ती सकाळची मुलगी म्हणाली, थांबा टीचर, उद्या आजीला विचारून येते.