लान्सारोतेची रेड वाइन: राख, धूर आणि सल्फाइट

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्सारोतेच्या रेड वाइनबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरतं: ‘वेली ज्वालामुखीच्या राखेत वाढतात, म्हणून वाइनला धुराची चव असते, सल्फाइट नसल्यानं डोकंही दुखत नाही.’ एल ग्रिफो ही तिथली 1775 पासूनची वायनरी, त्यामुळे हे शतकानुशतकांचं ज्ञान वाटतं.

वेली राखेत वाढतच नाहीत. 1730 ते 1736 च्या उद्रेकात सुपीक जमीन काळ्या, सच्छिद्र खडीखाली गाडली गेली. तिला तिथे पिकोन म्हणतात. ती दोन-तीन मीटर उपसून आळं करायचं, खालची जुनी माती लागली की तिच्यात वेल लावायची, बहुधा आळ्याला एकच. मुळांचं पोट मातीवर. पिकोन नुसतं आच्छादन. पाऊस वर्षाला जेमतेम 150 मिमी. खडी तो आत मुरू देते, उन्हानं उडू देत नाही. ईशान्येच्या वाऱ्याला अडवायला अर्धगोल दगडी बांध. तरी खडी घसरते आणि हातानंच उपसावी लागते, कारण आळ्यात यंत्र उतरत नाही.

दगडाची चव वाइनमध्ये उतरत असती, तर बेसाल्टवरच्या नाशिकच्या वाइनलाही धुराचा वास यायला हवा होता. आमचा काळा कातळ ज्वालामुखीचाच की!

काडी ओढल्यासारखा वास कधीकधी येतो, पण तो टाकीत बनणाऱ्या गंधकी संयुगांचा. रसात यीस्टला लागणारा नायट्रोजन लिटरला साधारण 140 मिग्रॅच्या खाली गेला, किंवा भुरी या बुरशीरोगासाठी धुरळलेलं गंधक तोडणीपर्यंत मण्यांवर राहिलं, की हायड्रोजन सल्फाइड सुटतो: सडक्या अंड्याचा वास. आंबवण चालू असतानाच रस हवा देत वरून फिरवला तर तो जातो. उशीर झाला की त्यातून अशी गंधकी संयुगं बनतात, जी हवेनं हलत नाहीत. लिस्तान नेग्रो या तिथल्या काळ्या द्राक्षाचा मिरीसारखा वास मात्र त्या जातीचा.

सल्फाइट म्हणजे वाइन टिकवायला घालतात ते गंधकाचं संयुग. ते तर यीस्टही थोडं बनवतं. युरोपात लिटरला 10 मिग्रॅच्या वर असेल तर लेबलवर लिहावंच लागतं; कोरड्या रेडला मर्यादा 150, कोरड्या व्हाइटला 200. डोकेदुखी सल्फाइटची असती, तर व्हाइटनं जास्त दुखलं असतं. दमेकऱ्यांनी मात्र लेबल वाचावं.

वाखाणण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. 19व्या शतकात युरोपचे मळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्झेरा कीड तेव्हा तिथे पोहोचली नाही. त्यामुळे युरोपात कीड सोसणाऱ्या खुंटावर कलम भरतात, तशी तिथे गरज पडली नाही; तिथली वेल स्वतःच्या मुळांवर उभी असते.