‘पाच सेकंदांत ड्रिलचा बिट बदला’ या मेसेजला उत्तर

ड्रिल मशीनचा बिट, म्हणजे भोक पाडणारी पिळाची दांडी, बदलण्याबद्दलचा एक मेसेज फिरतो आहे, कधी नुसता मजकूर, कधी सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. शब्द थोडेफार बदलतात, सूर मात्र तोच: ‘बिट बदलायला चावी शोधत बसू नका, प्लगही काढू नका. चक मुठीत धरा, ट्रिगर दाबा, पाच सेकंदांत काम फत्ते. चावी वापरलीच तर एका भोकात फिरवली की पुरे. बिट जाईल तितका आत घाला. कुठलाही बिट कुठल्याही ड्रिलला चालतो. अडकला तर हातोडीचे दोन ठोके द्या. कारागीर असंच करतात.’

मेसेज पटतो, कारण यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या मशीनला खरोखर लागू पडतं. चूक आहे ती सगळी ड्रिलं एकाच माळेत ओवण्याची. बिट धरायच्या निदान चार तऱ्हा सर्रास दिसतात: चावीने आवळायचा चक (बिट धरणारं पुढचं तोंड), हाताने आवळायचा चक, रोटरी हॅमरची, म्हणजे ठोके देत काँक्रीटमध्ये भोक पाडणाऱ्या मशीनची, एसडीएस पकड आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरची, म्हणजे स्क्रू आवळायच्या मशीनची, षटकोनी भोकाची कॉलर. बिट कसा बदलायचा हे या तोंडावरून ठरतं, आणि मेसेजमध्ये त्याचा साधा उल्लेखही नाही.

‘चक मुठीत धरा आणि ट्रिगर दाबा.’ आधी मान्य करतो की ही युक्ती चालते. चकच्या आत तीन जबडे तिरक्या खोबणीत बसलेले असतात. बाहेरचं कडं फिरवलं की ते पुढे सरकत सरकत एकमेकांजवळ येतात. मुठीने कडं थोपवून धरलं आणि मोटरने चकचा आतला भाग फिरवला, तरी परिणाम तोच. हलक्या कॉर्डलेसवर, म्हणजे बॅटरीवाल्या ड्रिलवर, असं करणारे सुतार मीही पाहिले आहेत.

आता जबडे बिटला टेकतात तो क्षण बघा. तोपर्यंत कडं आणि चक वेगवेगळे फिरत होते, आता ते एकजीव झाले. मोटर मात्र थांबलेली नाही. मग दोनच गोष्टी होऊ शकतात: कडं तुमच्या मुठीत तळव्याची साल काढत फिरतं, नाहीतर मशीन दुसऱ्या हातात उलट्या दिशेने पिळवटतं आणि मनगट त्यासोबत जातं. कॉर्डलेस ड्रिल वरच्या गिअरला असेल तर वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास सहज असतो, म्हणजे सेकंदाला २५. ‘थांब’ हे डोक्यात येऊन बोट ट्रिगरवरून उठेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. मोकळा फिरणारा चक तेवढ्यात ५ फेऱ्या मारतो. वायरवाल्या हॅमर ड्रिलचा वेग मिनिटाला २८०० ते ३००० फेऱ्यांपर्यंत जातो, आणि ट्रिगर सोडल्यावरही मोटर जागच्या जागी थांबत नाही. बिटची पिळाची धार या सगळ्या वेळात मुठीपासून दोन बोटांवर असते.

‘हातमोजा घाला ना मग’ असं उत्तर या मेसेजखाली हमखास येतं. फिरत्या चकपाशी हातमोजा हा आणखी मोठा धोका. कातडी निदान घसरते. कापड गुंडाळलं जातं आणि बोटंही सोबत ओढून नेतं.

दुसरं उत्तर जरा विचार केलेलं असतं: ‘टॉर्कचं कडं १ वर ठेवा, म्हणजे क्लच सुटेल.’ हे कडं आवळण्याच्या जोराची मर्यादा ठरवतं, आणि ती गाठली की क्लच चकला मोटरपासून सोडवतो. सुटतो, खरं आहे. पण मग जबड्यांची पकडही तेवढीच कच्ची बसते आणि शेवटी हाताने आवळावंच लागतं. शिवाय त्या कड्यावर ड्रिलच्या चित्राची खूण असते. कडं तिथे असेल तर क्लच सुटतच नाही, आणि भोक पाडताना ते बहुधा तिथेच असतं.

गंमत म्हणजे ज्या मशीनवर ही युक्ती त्यातल्या त्यात कमी धोक्याची, तिथेच तिची गरज नसते. आजच्या बहुतेक कॉर्डलेस ड्रिलमध्ये ट्रिगर सोडला की आतला दांडा आपोआप अडतो. बॅटरी काढा, एका हाताने मशीन धरा, दुसऱ्याने कडं फिरवा. चकवर दोन कडी असतील तर मागचं धरून पुढचं फिरवायचं. काही चक शेवटी कटकट आवाज करतात. तो आवाज येईपर्यंत आवळलं नाही तर पकड अर्धवट राहते आणि हॅमरच्या हादऱ्याने चक सैल होतो. या सगळ्याला दहा-पंधरा सेकंद लागतात.

‘एका भोकात चावी फिरवली की पुरे.’ दातेरी चावीने आवळायच्या चकचं पेटंट आर्थर जेकब्स यांना अमेरिकेत १९०२ मध्ये मिळालं. आजचा चावीचा चक त्याच घाटाचा आहे. त्याच्या अंगावर चावीसाठी तीन भोकं असतात. पहिल्या भोकात चावी घालून जोर लावून आवळा, मग चावी दुसऱ्या भोकात घाला. बहुतेक वेळा ती आणखी थोडी फिरते, आणि तिसऱ्यातही किंचित जागा देते. चावी कड्याला एकाच बाजूने रेटते, आत घर्षण असतं, त्यामुळे एका भोकातून पूर्ण ताण बसत नाही. लाकडात ३ मिमीचं भोक पाडायचं असेल तर एका भोकावर भागेलही. लोखंडात १० मिमीचा बिट चालवायचा असेल तर नाही. तो जबड्यांत घसरतो, आणि घसरलेला बिट काढून पाहिलात तर दांडीवर चकचकीत वळी आणि कडेला उठलेली धातूची कणी दिसते. त्या कणीमुळे तो बिट पुढच्या वेळी सरळ बसत नाही. कानशीने कणी घासून काढल्याशिवाय तो परत चकमध्ये घालू नये.

चावी आवळून झाल्यावर चकमध्येच राहिली आणि कुणी ट्रिगर दाबला, तर ती कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून काही चाव्यांना स्प्रिंग असते, हात सोडला की त्या आपोआप बाहेर पडतात. साधी चावी असेल तर ती केबलला प्लगच्या टोकाशी चिकटपट्टीने बांधून ठेवावी. केबल आखूड असेल तर ती चकपर्यंत आणायची म्हणजे प्लग उपटावाच लागतो. चकजवळ दोरीला चावी लोंबकळत ठेवण्याची पद्धतही दिसते. ती नको, दोरी फिरत्या चकला वेढते.

‘प्लग काढू नका.’ वायरवाल्या बऱ्याच ड्रिलना ट्रिगरजवळ एक छोटं बटण असतं. ट्रिगर ओढून ते आत दाबलं की मशीन बोट न लावता चालू राहतं. वीज गेली, मशीन थांबलं, तुम्ही बिट बदलायला घेतला आणि बटण दाबलेलंच राहिलं असेल, तर वीज आल्याक्षणी काय होईल ते सांगायला नको. कॉर्डलेसमध्ये दिशा बदलायचा खटका मधोमध ठेवला की ट्रिगर दबत नाही. मशीन बाजूला ठेवताना ती सवय चांगली, पण बिट बदलताना बॅटरीच काढावी.

‘बिट जाईल तितका आत घाला.’ हे अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर म्हणूनच यावर थोडं थांबतो. जबड्यांना बिटची गुळगुळीत दांडी पूर्ण लांबीने मिळायला हवी. टोकावर नुसती चिमटीत धरलेली दांडी वाकडी जाते. पण बारीक, आखूड बिट पूर्ण आत ढकलला की जबडे दांडीऐवजी पिळावर आवळले जातात. पिळाला सलग गोलाई नसते, जबडे धारेच्या कडांवर टेकतात, आणि बिट घसरतो किंवा तिथेच मोडतो. म्हणून मर्यादा चकची खोली नव्हे, पीळ सुरू होतो तिथली रेघ.

बारीक बिटची दुसरी खोड जास्त फसवी. चक पुरता उघडून २ मिमीचा बिट आत सोडला की तो मध्ये उभा राहत नाही, दोन जबड्यांच्या फटीत जाऊन पडतो. तसाच आवळला तर पकड घट्ट लागते, सगळं ठीक वाटतं, आणि भोक मात्र खुणेच्या बाजूला पडतं. उपाय सोपा आहे. जबडे बिटपेक्षा किंचितच जास्त उघडा, बिट चिमटीत डावीकडे-उजवीकडे फिरवत कडं हळू बंद करत आणा, आणि समोरून बघा: तिन्ही जबडे बिटला टेकले पाहिजेत आणि तिन्ही फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. मग आवळा, हात बाजूला घ्या, बॅटरी लावा आणि मशीन अगदी हळू फिरवा. बिटचं टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. ते हवेत बारीकसं वर्तुळ काढत असेल तर बॅटरी परत काढून पुन्हा उघडा. (वर्तुळ तरीही जात नसेल तर बिट वाकलेला आहे, चकला दोष देऊ नका.) आणि चकवर ‘१.५–१३’ असे आकडे कोरलेले असतील, तर त्यातला पहिलाही वाचा. १ मिमीचा बिट त्या चकमध्ये बसणारच नाही.

‘कुठलाही बिट कुठल्याही ड्रिलला चालतो.’ नाही. एसडीएस ही पकड १९७५ मध्ये बॉश कंपनीने आणली. एसडीएस-प्लसच्या बिटची दांडी १० मिमी जाडीची असते, तिच्यावर दोन खाचा टोकापर्यंत उघड्या आणि दोन बंद असतात. उघड्या खाचांतून बिटला फिरवण्याचा जोर मिळतो, बंद खाचांत अडकलेल्या गोळ्या त्याला बाहेर पडू देत नाहीत. हा बिट बसवल्यावरही पुढेमागे सुमारे सेंटीमीटरभर हलतो, आणि नवखा माणूस घाबरून तो पुन्हा पुन्हा आत दाबतो. ते हलणं मुद्दाम ठेवलेलं आहे, त्यामुळेच आतला ठोका थेट बिटवर बसतो. दांडी पुसा, बोटावर मावेल इतकं ग्रीस लावा, आत घालून फिरवत खट्ट होईपर्यंत ढकला, आणि ओढून बघा. काढायचा तर कॉलर मागे ओढायची. इथे चावी लागत नाही हे मेसेजचं म्हणणं शंभर टक्के खरं, फक्त मुठीत धरून आवळण्यासारखंही इथे काही नाही.

हाच बिट साध्या तीन जबड्यांच्या चकमध्ये घातला तर जबडे खाचांवर येतात आणि पकड बसत नाही. उलट, गोल दांडीचा बिट एसडीएसमध्ये धरलाच जात नाही. त्यासाठी वेगळा चक जोडता येतो, पण मग हॅमर बंद ठेवायचा. इम्पॅक्ट ड्रायव्हरला पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, षटकोनी दांडी लागते, आणि तिच्यावर गोळी अडकायला खाच हवी. हा षटकोनी बिट मात्र साध्या चकमध्ये छान बसतो: सहा बाजू, तीन जबडे, एक सोडून एक.

‘हातोडीचे दोन ठोके द्या.’ आडवा ठोका बसला की चकमागचा दांडा वाकतो किंवा बेअरिंग दुखावतं, आणि मग ते मशीन कायमचं डुगडुगतं. झटक्याने रिव्हर्स मारून चक सोडवणारेही आहेत. चक स्वतः दांड्यावर आट्यांनी बसवलेला असेल तर अशा झटक्याने जबडे राहतात बाजूला आणि चकच सैल होतो. रिव्हर्स फिरणाऱ्या ड्रिलमध्ये जबड्यांच्या आत खोलवर उलट्या आट्यांचा स्क्रू असतो, तो नेमका यासाठी. अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आत गेलेली सिमेंटची धूळ. तोंड खाली धरून धूळ झाडा, जबड्यांच्या सांध्यात पातळ तेलाचे दोन थेंब सोडा, थोडा वेळ जाऊ द्या. मग चावीचा चक असेल तर तिन्ही भोकांतून आळीपाळीने जोर लावा, हाताचा असेल तर कड्याला रबराची पट्टी गुंडाळून फिरवा. प्लग आणि बॅटरी अर्थातच काढलेली.

पाच सेकंदांच्या घाईत एक गोष्ट मेसेजमध्ये आलीच नाही: लोखंडात किंवा काँक्रीटमध्ये नुकताच चाललेला बिट चटका देण्याइतका तापलेला असतो. तो बोटांनी ओढायचा नाही. निवू द्या, नाहीतर मशीन खाली तोंड करून चक उघडा आणि बिट लाकडाच्या तुकड्यावर पडू द्या. काँक्रीटचा बिट गार करायला पाण्यात बुडवू नका. टोकाला झाळलेला कार्बाइडचा तुकडा अचानक थंड झाला की तडकतो.