चिकट सापळा कोरा, म्हणून बाग निरोगी?

द्राक्ष बागायतदारांत एक संदेश फिरतो: ‘पिवळे चिकट सापळे लावा. मिलीबग अडकला नाही, पानं लाल झाली नाहीत, म्हणजे लीफरोल विषाणू नाही. दिसलाच तर एक फवारणी, वेल बरी.’ मिलीबग म्हणजे वेलीचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण; पानं वळवणारा लीफरोल विषाणू तोच एका वेलीतून दुसरीत नेतो. पण संदेशातला एकही दावा टिकत नाही.

आधी सापळा. तो तुडतुड्यांसाठी ठीक. मिलीबगच्या मादीला पंखच नसतात, ती त्यावर येणार कशी? पंख नराला, पण पंख फुटलेल्या नराला तोंडच नसतं. तो रस शोषत नाही, विषाणूही पसरवत नाही. खरी पसरवणारी म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली, अर्धा मिलिमीटरही नसलेली पिल्लं. ती वाऱ्यावर, मजुरांच्या कपड्यांवर, क्रेटवर बसून पुढच्या ओळीत जातात. त्यांच्यासाठी ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळा. सैल साल आधी काढा, नाहीतर पिल्लं टेपखालून निघून जातात. धूळ बसली की टेप वाया, म्हणून आठवड्याला बदला आणि काढलेली 10 पट भिंगाखाली बघा. मुंग्यांची रांग चढते त्या वेलीची साल सगळ्यात आधी उचला. चिकटा (मिलीबगचा गोड स्राव), काळी बुरशी, कापसासारखे अंड्यांचे पुंजके बहुधा तिथेच.

पानांचं म्हणाल, तर कॅबर्नेसारख्या रंगीत जातींत शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो, कडा खाली वळतात. थॉम्पसनसारख्या पांढऱ्या जातींत नुसता फिकट पिवळेपणा, कधी तेवढाही नाही. खुंट (ज्यावर कलम करतात ती मुळाची वेल) तर बहुधा काहीच दाखवत नाही. उलट गर्डलिंगची (सालीचं कडं काढल्याची) जखम भरली नाही किंवा पोटॅश कमी पडलं, तरी पानं लाल होतात. खात्री प्रयोगशाळेतच. मण्यांत पाणी उतरल्यावर (मणी मऊ होऊ लागल्यावर) काडीच्या, म्हणजे फांदीच्या, बुडाकडच्या जुन्या पानांचे देठ पाठवा. शेंड्याची कोवळी पानं दिलीत तर लागण असूनही अहवाल ‘नाही’ येऊ शकतो.

फवारणीने कीड मरेल, तीही सालीखाली औषध पोचलं तर. विषाणू वेलीत जन्मभर राहतो. आणि तो उचलायला मिलीबगला तासभर पुरतो, दुसऱ्या वेलीत सोडायलाही तेवढाच.

संदेशात काडीचा उल्लेखही नाही, आणि घोळ तिथेच आहे. डॉगरिज जातीचा खुंट लावून त्यावर शेजारच्या बागेतली काडी आणून कलम केलं, की एकही कीटक नसताना विषाणू बागेत. काडी घेण्याआधी मूळ वेलीची चाचणी करा. बाधित वेल काढताना मुळंही खणून काढा. मागे राहिलेल्या जिवंत मुळांत विषाणू टिकून असतो.